सातवा रकाना

हर्बेरियमचे बेचाळीस कागद तपासायला घेतले,
म्हसरूळच्या घरी, पंखा बंद ठेवून.
वाळलेलं पान वाऱ्याला घाबरतं.
घाणेरीचे नऊ, टणटणीचे चार,
दोन्ही एकच झाड, हे पोरांना अजून माहीत नाही.

तक्षशिला पगारेचा कागद सदतिसावा.
सृष्टी, विभाग, वर्ग, गण, सगळं भरलेलं.
कुल : ओलिएसी. प्रजाती : जॅस्मिनम.
ठिकाण : गणेशवाडी फूलबाजार, आईच्या टोपलीतून.
जाती : कोरं.

विसरली असेल म्हणून लाल पेन उचललं. अर्धा मार्क.
मग दिसलं,
तिथं पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलेलं,
खोडून खोडून कागद इतका पातळ
की दिव्यासमोर धरला तर उजेड यायचा.

"हा रकाना कुठं भरायचा आणि कुठं सोडायचा
ते घरी विचारल्याशिवाय लिहीत नाही मी, मॅडम."
कुणीतरी हसलं.
मग कुणीच हसलं नाही.

तेव्हा धडा बाजूला ठेवून
मी शब्दाचं बोट धरलं.
जन् म्हणजे जन्मणं. जन्मानं आलं ते जात.
लॅटिनमध्ये याच रकान्यावर जो शब्द आहे
तो मात्र बघण्यातून आलाय :
डोळ्यांना दिसतं ते. रूप.
आपल्याकडं भाषांतराला बसलेल्या कुणाच्या तरी हाताशी
रूपही होतं. त्यानं जन्म उचलला.
मी त्याला दोष देत नाही.
संध्याकाळ झाली असेल, यादी लांब असेल,
घरात रोज वापरायचा शब्द
अंधारातही हाताला लागतो.

आणि अजून एक (खडू इथं मोडला),
जुन्या संस्कृतात जाती हे एका फुलाचं नाव आहे.
गंगाघाटाची पायरी झिजते
तसा तोंडातोंडी त झिजला
आणि उरली जाई.
तू चिकटवलीयस तीच,
पाच पाकळ्यांची, दाबून तपकिरी झालेली.
जायफळातला जाय तोच.

"आईला सांगू नका मॅडम, भाव वाढवेल."
या वेळी सगळे हसले. तीसुद्धा.

मग व्याख्या. लिहून घ्या, दोन मार्कांना येते :
ज्यांचं आपसात जुळतं,
आणि ज्यांच्या लेकरांनाही पुढं लेकरं होतात,
ती एक जाती.

ऋतुराज आहेर कधी काही विचारत नाही.
उभा राहिला, कंपास बंद करत, उघडत.
"माझी चुलतबहीण पळून गेली होती.
आता सातपूरला असते. मुलगी आहे दीड वर्षाची.
घरात नाव काढत नाहीत.
म्हणजे सायन्सच्या हिशेबानं
तिचं लग्न जातीतच झालं ना?"

हो म्हणायला मला किती वेळ लागला
ते वर्गातल्या घड्याळानं मोजलं असेल.
व्याख्या म्हणते, अजून एक पिढी थांबा.
मी थांबले नाही. हो म्हणाले.
तो खाली बसला आणि वहीत काहीतरी लिहिलं.
व्याख्या नव्हती ती. ओळ छोटी होती.

दुपारी शिष्यवृत्तीचे अर्ज.
तिथंही हाच रकाना,
आणि कोरा सोडला तर अर्ज परत येतो.
तक्षशिलाचा मीच भरला, दाखल्यावरून बघून,
ठळक अक्षरात, स्पेलिंग दोनदा तपासून.
त्या पैशातून तिची बारावीची फी जाईल.
सकाळचा खडू अजून माझ्या नखांत होता.

रात्री पुन्हा सदतिसावा कागद.
पातळ जागेवर पेन टेकवलं नाही, फाटली असती.
समासात लिहिलं, ग्रँडिफ्लोरम.
त्याखाली, तिला परीक्षेत लागणार नाही तरी,
म्हणजे मोठ्या फुलाची.
मार्क कापला नाही.

उद्या घाणेरीच्या नऊ जणांना
आणि टणटणीच्या चौघांना
एका टेबलाशी बसवायचंय.